बाकी समक्ष भेटीत

'विषय : सातवी ब मधील विद्यार्थिनीस फिट येतात, सर्व शिक्षकांनी नोंद घ्यावी.' असा एक ई-मेल शाळेच्या आरोग्य कक्षातून निघाला, असे घटकाभर समजू. खाली मुलीचे पूर्ण नाव, गोळ्यांची नावे, शेवटचा झटका कधी आला त्याची तारीख आणि सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो. पाठवणाऱ्या परिचारिकेच्या मनात काळजीखेरीज काही नाही. मजकुरात एक अक्षर खोटे नाही. मुलगी वर्गात कोसळली तर कोणी घाबरून तिला चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, एवढाच तिचा हेतू. तरीही या ई-मेलने त्या मुलीचे नुकसान केलेले असते. ते कसे, हे मूल शाळेत जाणाऱ्या प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे.

हा ई-मेल चाळीस जणांना गेला. त्यांतल्या निम्म्यांचा सातवी ब शी संबंधही नाही. चित्रकलेच्या सरांनी तो घरच्या टॅबवर उघडला. त्याच टॅबवर त्यांचा मुलगा खेळ खेळतो आणि तोही याच शाळेत आठवीला आहे. एका बाईंचा लॅपटॉप त्या क्षणी वर्गातल्या डिजिटल फळ्याला जोडलेला होता. नवा मेल आल्याची पट्टी, विषयाच्या ओळीसकट, फळ्याच्या कोपऱ्यात चमकून गेली. एका उत्साही शिक्षकांनी 'सर्वांना उत्तर' हे बटण दाबून आपल्या भाचीलाही हाच त्रास असल्याचे कळवले. म्हणजे आता दोन मुलींची गोष्ट चाळीस जणांकडे गेली. तीन माणसांच्या सहा कानांवर गेलेली गोष्ट गुप्त राहत नाही, म्हणून आपल्याकडे 'षट्कर्णी होणे' हा शब्दप्रयोग आला. ऐंशी कानांसाठी शब्द घडवण्याची वेळ पूर्वजांवर आली नव्हती.

कपाटातली वही

शाळेने मुलाची प्रकृती पाहावी, ही कल्पना जुनी आणि चांगली आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लीना रॉजर्स या परिचारिकेची शाळांमध्ये नेमणूक झाली. खरूज, डोळे येणे, उवा अशा कारणांनी मुलांना सरसकट घरी धाडले जाई. त्यांच्यावर उपचार करून, घरी जाऊन आईला समजावून त्यांना पुन्हा वर्गात बसवायचे, हे तिचे काम. आपल्याकडे शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदा शहरात झाली. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात ती व्हावी, यात नवल नाही. पुढे १९४६ साली भोर समितीने शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीतच, अशी नोंद केली. तिथपासून आपण बरेच पुढे आलो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघरमधून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची ३० प्रकारच्या व्याधी-व्यंगांसाठी तपासणी करण्याची ही योजना आहे.

या सगळ्या काळात माहिती लिहिली जात होतीच. पण ती वहीत असे, वही कपाटात असे आणि किल्ली मोठ्या कारकुनांच्या कमरेला असे. वही वाचायची तर कोणाला तरी उठून, किल्ली मागून, कपाट उघडून वाचावी लागे. एवढ्या कष्टांना बहुतेकांची उत्सुकता पुरी पडत नसे. मुलाची अब्रू त्या काळी कायद्याने राखली असे नाही, ती या गैरसोयीने राखली. ई-मेलने गैरसोय दूर केली आणि तिच्याबरोबर तो आडपडदाही गेला.

पोस्टकार्ड आणि पाकीट

भारतात पोस्टकार्ड १८७९ साली आले. काय कार्डावर लिहायचे आणि काय पाकिटात घालायचे, याचे भान लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही होते. पोरीच्या अंगावर पांढरा डाग उठला आहे, जावयाला क्षयाची बाधा निघाली आहे, हे कार्डावर जात नसे. तिथे 'तब्येत जरा नरम आहे, बाकी समक्ष भेटीत' एवढेच येई. कार्ड पोस्टमन वाचतो, वाड्यातले बिऱ्हाडकरू वाचतात, हे सर्वांना ठाऊक होते.

अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला आणि पत्त्यात ते प्रसिद्ध 'ॲट'चे चिन्ह घातले. ही सोय मूठभर संशोधकांनी परस्परांसाठी केलेली होती. मजकूर उघडाच असे. आज बहुतेक सेवांमध्ये वाटेवरचा मजकूर सांकेतिक रूपात जातो, त्यामुळे वाटेतला पोस्टमन आता फारसा वाचत नाही. धोका दोन्ही टोकांना आहे. एका ई-मेलच्या प्रती किती होतात, मोजा. पाठवणाऱ्याच्या पेटीत एक, घेणाऱ्याच्या पेटीत एक, त्याच्या फोनवर एक, घरच्या लॅपटॉपवर एक, कंपनीच्या राखीव साठ्यात आणखी काही. पाठवणाऱ्याने आपली प्रत पुसली तरी बाकीच्या तशाच राहतात. पाकिटाची सवय सुटावी आणि कार्डाची सावधगिरीही विसरावी, असा हा प्रकार आहे.

यातल्या चुका चोरांपेक्षा सज्जनांच्या हातून अधिक होतात. पत्त्याची पहिली दोन अक्षरे टाइप करताच संगणक उरलेले नाव स्वतःच भरतो आणि देशपांडे डॉक्टरांचा निरोप त्याच आडनावाच्या पालकांना जातो. जुन्या पत्राला उत्तर देताना खालची सगळी शेपटी तशीच जोडली जाते; सहलीच्या बसबद्दलच्या निरोपाखाली तीन महिन्यांपूर्वीचा समुपदेशकाचा अभिप्राय लटकत राहतो. आणि सर्वांत घातक चूक अनेकांना एकदम पत्र पाठवताना होते. लंडनमधील '५६ डीन स्ट्रीट' या दवाखान्याने सप्टेंबर २०१५ मध्ये एचआयव्हीसंबंधी सेवा घेणाऱ्या ७८१ जणांना एक माहितीपत्रक पाठवले. पत्ते ज्या रकान्यात दिसत नाहीत त्या बीसीसीत ते घालायचे होते, ते उघड्या रकान्यात पडले. सुमारे ७३० पत्त्यांत लोकांची पूर्ण नावेच होती. मजकुरात कोणाच्याही आजाराचा उल्लेख नव्हता. यादीत असणे हाच उल्लेख होता. दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला २०१६ साली १,८०,००० पौंड दंड झाला. त्याच संस्थेत २०१० मध्येही याच जातीची चूक झालेली होती. 'काळजी घ्या' असे परिपत्रक काढून भागत नाही, असाच याचा अर्थ.

शाळेचेही तसेच आहे. 'दमा असलेल्या मुलांच्या पालकांची सभा' असे पत्र तीस पालकांना उघड्या पत्त्यांनी गेले, की तीस मुलांची यादी जाहीर झालीच.

उंबरठा ओलांडला की कायदा बदलतो

ज्या देशात शाळेतली परिचारिका आणि ई-मेल या दोन्ही गोष्टी लवकर रुळल्या, त्या अमेरिकेचा अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. आपल्यापैकी अनेकांची भाचरे-नातवंडे न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात शिकतात. दम्याचा पंप, शेंगदाण्याची ॲलर्जी, लसींची नोंद, असे सगळे कागद तिथले पालक शाळेच्या परिचारिकेकडे देतात.

तिथे वैद्यकीय माहितीच्या गुप्ततेसाठी 'हिपा' हा १९९६ चा कायदा आहे. अनेक पालक समजतात की शाळेलाही तोच लागू आहे. प्रत्यक्षात सरकारी शाळेच्या परिचारिकेची टिपणे बहुधा 'फर्पा' या १९७४ च्या शिक्षणविषयक कायद्याखाली येतात. तीच माहिती डॉक्टरच्या दवाखान्यात असताना एका कायद्याची आणि शाळेचा उंबरठा ओलांडला की दुसऱ्याची! या घोळाचा उलगडा करण्यासाठी तिथल्या शिक्षण आणि आरोग्य खात्यांना २००८ साली एकत्र मार्गदर्शिका काढावी लागली आणि २०१९ च्या डिसेंबरात ती सुधारून पुन्हा द्यावी लागली. 'फर्पा'त एक तत्त्व मात्र चांगले आहे. शाळेत नोकरीला आहे म्हणून कोणालाही मुलाची नोंद पाहता येत नाही. त्याच्या कामासाठी ती खरोखर लागत असली पाहिजे. जिवावर बेतणारा प्रसंग आला तर संबंधितांना माहिती देण्याची मुभाही त्यात आहे.

पण कायदा असला म्हणजे भरपाई मिळतेच असे नाही. 'फर्पा'चा भंग झाला म्हणून व्यक्तीला स्वतः दावा लावता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. आणि भरपाई मिळाली तरी फुटलेली गोष्ट परत कशी यावी? लॉस एंजेलिसच्या शाळांच्या संगणकांवर सप्टेंबर २०२२ मध्ये हल्ला झाला. चोरलेल्या कागदांत सुमारे २,००० विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाच्या नोंदी होत्या, असे पुढे शाळांच्या प्रशासनानेच मान्य केले. त्यांतले जेमतेम ६० त्या वेळी शाळेत शिकत होते. बाकीचे केव्हाच शाळा सोडून गेले होते, त्यांची कागदपत्रे मात्र मागे राहिली होती. गरज संपल्यावरही जपून ठेवलेली माहिती ही चोरासाठी ठेवलेली माहिती असते.

लग्नाच्या बाजारात

'एवढे काय झाकायचे? आजार म्हणजे पाप का?' असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. आजार पाप नव्हे. पण आपला समाज आजाराकडे कसा पाहतो, याचा पुरावा आपल्या कायद्यातच आहे. वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा हिंदू विवाह कायद्यात विवाहाला अडसर मानला जाई. ते शब्द वगळायला १९९९ साल उजाडावे लागले. कायद्यातून गेलेली गोष्ट बैठकीतल्या कुजबुजीतूनही गेली, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का? सातवीतल्या मुलीच्या नावाने आज गेलेला ई-मेल तिच्या लग्नाच्या वयापर्यंत कोणाच्या तरी पेटीत जिवंत असेल.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. विदर्भात आणि नंदुरबारकडे, विशेषतः आदिवासी समाजात, या आजाराचे प्रमाण मोठे आहे. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्राने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. शाळा-आश्रमशाळांतली मुले अशा तपासणीत येणारच, आणि यावीतच. पण यात एक बारकावा आहे. ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष मिळाला, तो निव्वळ वाहक असतो. तो सहसा आजारी नसतो. दोन वाहकांनी लग्न केले तर मुलांना आजार होण्याची शक्यता असते, म्हणून ही माहिती त्या मुलाला आणि त्याच्या घराला वेळेवर, नीट समजावून मिळायला हवी. त्याऐवजी शंभर मुलांच्या नावांपुढे 'पॉझिटिव्ह' असा शेरा मारलेला तक्ता ई-मेलला जोडून चार कार्यालयांत फिरला, तर वाहक आणि रुग्ण यांतला फरक वाटेतच गळून जाईल. मुलीच्या कपाळी शिक्का बसेल, समुपदेशन राहून जाईल. एचआयव्हीच्या बाबतीत आपल्या संसदेने हे ओळखले. २०१७ चा आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला कायदा संबंधिताच्या संमतीशिवाय असे निदान उघड करण्यास सहसा मनाई करतो आणि शिक्षणसंस्थांतल्या भेदभावालाही बंदी करतो. पण अपस्मार, सिकलसेल, रात्री अंथरूण ओले होणे, यांना असे स्वतंत्र कवच नाही.

सर्वसाधारण कवच मात्र येते आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने बालक आहे. पालकांच्या संमतीबाबत शिक्षणसंस्थांना ठरावीक कामांपुरती सवलत मिळाली असली, तरी माहिती सांभाळण्याच्या कर्तव्यातून त्यांची सुटका नाही. त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. शाळाचालकांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

शिक्षकांना कळायला नको का?

कळायला हवे. इथेच या विषयाचा खरा पेच आहे. गुप्ततेच्या नावाखाली वर्गशिक्षिकेला काहीच सांगितले नाही आणि मुलीला वर्गात झटका आला, तर ती गुप्तता काय चाटायची? पण काय कळायला हवे, याचा विचार केला की पेच बराचसा सुटतो. वर्गातल्या बाईंना कृती ठाऊक हवी. मुलीला कुशीवर वळवा, आजूबाजूचे बाक सरकवा, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा, पाच मिनिटांवर गेले तर रुग्णवाहिका बोलवा. निदान काय, गोळी कोणती, तिच्या मावशीलाही हा त्रास होता का, हे त्यांना लागत नाही. 'काय करावे' हे शिकवणाऱ्यांना सांगावे, 'काय झाले आहे' हे परिचारिकेपाशी आणि डॉक्टरांपाशी राहावे. झटक्याचा प्रथमोपचार तर शाळेतल्या सर्वांनाच शिकवून ठेवावा. त्यासाठी कोणाचेही नाव घ्यावे लागत नाही.

गुप्ततेच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा मला वाटतो तो मुलाच्या जिवाचाच आहे. प्रवेशअर्जावर एक ओळ असते : 'पाल्यास काही आजार आहे काय?' त्यापुढे किती आया 'नाही' लिहून मोकळ्या होतात? त्या खोटारड्या नसतात. शाळेला सांगितले की गावाला सांगितले, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. मग पंप दप्तराच्या तळाशी लपतो, गोळी चुकते, आणि ज्या दिवशी श्वास कोंडतो त्या दिवशी शाळेत कोणालाच काही माहीत नसते. फुटणाऱ्या शाळेला पालक खरे सांगत नाहीत. म्हणून गुप्तता हा उपचाराचाच एक भाग आहे.

फार खर्चाचे काम नाही

यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. आरोग्य कक्षाला स्वतःचा ई-मेल पत्ता असावा. परिचारिकेच्या खासगी फोनवरचा नको, कारण ती नोकरी सोडते तेव्हा मुलांची माहितीही तिच्याबरोबर जाते. त्या पत्त्याचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला नसावा. विषयाच्या ओळीत मुलाचे नाव आणि आजार कधीही येऊ नये. पालकांना कळवायचे असेल तर 'कृपया आरोग्य कक्षाशी फोनवर बोलावे' एवढा मजकूर पुरतो. कागद पाठवणे भागच असेल तर तो पासवर्डने बंद करावा आणि पासवर्ड फोनवर सांगावा. त्याच ई-मेलात लिहिणे म्हणजे कुलपाला किल्ली लटकवणे. 'पाठवा' दाबण्याआधी पत्ता एकदा वाचावा. वर्षअखेरीस जुनी पत्रे काढून टाकावीत आणि नोंद कायद्याने जितका काळ ठेवायची तितकाच काळ, नेमलेल्या जागी ठेवावी. पुष्कळ शाळांत परिचारिकाच नसते. आजारी मुलांची खोली पीटीचे सर किंवा ऑफिसातल्या ताई सांभाळतात. हे नियम त्यांना आधी समजावून द्यायला हवेत.

आणि पालकांनी फक्त शाळेकडे बोट दाखवू नये. मुलाला कांजिण्या आल्या की तिचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणारे आपणच असतो. वर्गशिक्षिकेला लिहिलेल्या पत्राची प्रत 'असावी बरोबर' म्हणून चार जणांना धाडणारेही आपणच. शाळेत पालकसभेला विचारावे : माझ्या मुलाची आरोग्याची माहिती कोण पाहते, ती कुठे राहते, कधी पुसली जाते? तीन साधे प्रश्न आहेत. उत्तर देता आले नाही तर ते शोधण्याचे काम शाळेने करावे. थोड्या मोठ्या मुलांना तर आधी विचारायलाच हवे. तेरा वर्षांच्या मुलीच्या पाळीच्या त्रासाबद्दल कोणत्या सरांना काय लिहायचे, यात तिचे मत घेतले जात नसेल, तर ज्याची गोष्ट त्यालाच वगळून आपण बोलत आहोत.

जूनमध्ये पुन्हा नवे अर्ज भरले जातील आणि ती ओळ पुन्हा समोर येईल. तिथे आईने न कचरता खरे उत्तर लिहावे, असे वाटत असेल तर ते उत्तर पुढे कोणाकोणाच्या हाती जाईल, हे शाळेने तिला सही घेण्याआधी सांगितले पाहिजे. त्या यादीत चाळीस नावे असतील, तर उत्तर 'नाही' असेच येईल.